मेल उघडल्याची खबर पाठवणाऱ्याला लागू नये म्हणून

सांगलीच्या मार्केट यार्डातले हळदीचे व्यापारी एखाद्या मशीनच्या कोटेशनचा मेल उघडतात आणि पाचच मिनिटांत विक्रेत्याचा फोन येतो, "शेठ, बघितलं का कोटेशन?" हा योगायोग असेलच असं नाही. अशा मेलमध्ये बऱ्याचदा एक बाय एक पिक्सेलचं, म्हणजे जेमतेम एका ठिपक्याएवढं, पारदर्शक चित्र दडवलेलं असतं. ते असतं पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवर, आणि प्रत्येक ग्राहकासाठी त्याचा पत्ता वेगळा. मेल उघडला की ॲप ते आणायला जातं आणि कुणी, किती वाजता उघडला याची तिकडे नोंद होते.

डिसेंबर 2013 पासून जीमेल बाहेरची चित्रं गूगलच्या सर्व्हरमार्फत आणतं. त्यामुळे तुमचा आयपी पत्ता (इंटरनेटवर तुमच्या कनेक्शनची ओळख सांगणारा क्रमांक) झाकला जातो, पण उघडल्याची खबर जातेच. म्हणून चित्रं आपोआप येणंच बंद करा.

कॉम्प्युटरवर जीमेलमध्ये वरच्या चाकावर क्लिक करून 'सी ऑल सेटिंग्ज' उघडा. 'जनरल'मध्ये 'इमेजेस'समोर 'आस्क बिफोर डिस्प्लेइंग एक्स्टर्नल इमेजेस' निवडा. मग पान तळापर्यंत सरकवून 'सेव्ह चेंजेस' दाबा. बहुतेकांचं घोडं इथंच अडतं, कारण ते बटण वर दिसतच नाही. मोबाइलच्या ॲपमध्ये सेटिंग्जमधून आपलं खातं निवडलं की 'इमेजेस' सापडेल. दुकानाचं आणि घरचं खातं वेगळं असेल तर दोन्हीकडे करा.

आयफोनचं स्वतःचं मेल ॲप वापरत असाल तर फोनच्या सेटिंग्जमध्ये 'मेल' उघडून 'प्रायव्हसी प्रोटेक्शन'खाली 'प्रोटेक्ट मेल ॲक्टिव्हिटी' चालू ठेवा. तिथली युक्ती उलटी आहे: मेल वाचा किंवा न वाचा, चित्रं ॲपलच्या सर्व्हरमार्फत आधीच उतरवली जातात, त्यामुळे पाठवणाऱ्याला खरं काय ते कळत नाही. आयफोनवर जीमेलचं ॲप वापरत असाल तर मात्र हे संरक्षण लागू नाही. कॉम्प्युटरवरच्या थंडरबर्ड या मेल प्रोग्रॅममध्ये बाहेरची चित्रं मुळातच बंद असतात.

आता काही मेल ओकेबोके दिसतील. जोडलेली पीडीएफ तरीही उघडते, त्यामुळे बिलाचं सहसा अडत नाही. 'डिस्प्ले इमेजेस' दाबलंत की दिसणाऱ्या चित्रांबरोबर ते दडलेलंही येतं, आणि 'ऑलवेज डिस्प्ले' म्हटलंत तर त्या पाठवणाऱ्यापुरतं सगळं पूर्ववत. ते विश्वासातल्यांसाठीच ठेवा.

लिंकचं दुखणं वेगळं. प्रचाराच्या मेलमधल्या बटणाच्या लिंकमध्येही तुम्हाला ओळखणारा वेगळा क्रमांक गुंफलेला असू शकतो. चित्रं बंद असली तरी क्लिक मोजला जातो. ऑफर बघायचीच असेल तर ब्राउझरमध्ये कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करून जा.