डब्लिनमध्ये नव्याने आलात? हे एक कार्ड काढून ठेवा

डब्लिनमध्ये येणाऱ्या आपल्या माणसांचे पहिले आठवडे पीपीएस नंबर (कर आणि सरकारी कामांसाठी लागणारा क्रमांक), बँकेचं खातं आणि भाड्याचं घर यांतच जातात. त्यासाठी मदत करणारी मंडळी इथे आहेत, विचारायला संकोच करू नका. मी सांगतोय ते त्यानंतरचं काम. किल्डेअर स्ट्रीटवर, संसद भरते त्या लेन्स्टर हाउसला लागून, नॅशनल लायब्ररी आहे. तिथलं वाचक कार्ड फुकट मिळतं, फक्त फोटो असलेलं ओळखपत्र न्या. ते काढा आणि कामगार पुढारी विल्यम ओब्रायन यांची कागदपत्रं एकदा तरी बघा.

ओब्रायन १८८१ साली काउंटी कॉर्कमध्ये जन्मले, पेशाने शिंपी, समाजवादी कामगार पुढारी जेम्स कॉनलींचे जवळचे सहकारी. १९१३ साली डब्लिनच्या मालकांनी सुमारे २०,००० कामगारांना कामाबाहेर ठेवलं. कामगार पुढारी जेम्स लार्किनच्या युनियनशी संबंध नाही असं लिहून द्या, नाहीतर घरी बसा, असा तो मामला होता. गिरणगावातून आलेल्या माझ्यासारख्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. ओब्रायन त्या लढ्यात पुढे होते. इंग्रज राजवटीविरुद्धच्या १९१६ च्या उठावानंतर इंग्रजांनी त्यांना स्थानबद्ध केलं, १९२० मध्ये पुन्हा तुरुंगात टाकलं, तिथे त्यांनी उपोषण केलं. मधल्या काळात, २३ एप्रिल १९१८ ला, सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्ध देशभर संप झाला. १९२४ पासून १९४६ पर्यंत ते लार्किनच्या त्याच युनियनचे, म्हणजे ट्रान्सपोर्ट युनियनचे, सरचिटणीस होते.

आणि या माणसाने कागद जपले. डायऱ्या, पत्रं, युनियनचे कागद, शिवाय कॉनलींचीही कागदपत्रं. कॉनलींना १९१६ मध्ये उठावाबद्दल गोळ्या घातल्या गेल्या. त्यांच्या हातचं इतकं आज वाचता येतं, त्याचं मोठं श्रेय ओब्रायन यांना द्यायला हवं.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. याच नावाचे कॉर्कचे एक जुने खासदारही होऊन गेले (१८५२ ते १९२८), त्यामुळे कॅटलॉगमध्ये जन्मसाल बघूनच मागणी करा. दुसरं, लार्किन १९२३ मध्ये अमेरिकेहून परतल्यावर त्यांचं आणि ओब्रायन यांचं कडाक्याचं भांडण झालं, १९२४ मध्ये युनियन फुटली. लार्किनबद्दल इथे जे वाचाल ते त्यांच्या विरोधकाने सांभाळलेलं आहे. फुटलेल्या त्या दोन फांद्या १९९० मध्ये एकत्र येऊन आजची सिप्टू ही युनियन झाली. कामावर कुणी तिचा फॉर्म पुढे केला, तर आधी वाचा आणि माझं ऐकाल तर भरा. व्हिसावर असलात तरी युनियनमध्ये जायचा हक्क तुम्हाला आहे.

मला हे सगळं नवीन माणसाला आवर्जून सांगावंसं वाटतं, त्याला कारण आहे: हे पुढारीही बाहेरूनच आलेले होते. कॉनली एडिनबरोचे, लार्किन लिव्हरपूलचे, मजूर पुढारी थॉमस जॉन्सनही लिव्हरपूलचेच. पहिल्या दोघांचे आईवडील निदान आयरिश होते, जॉन्सन तर इंग्रज. तरी जानेवारी १९१९ मध्ये पहिल्या डॉलसमोर (आयरिश संसदेसमोर) आलेल्या लोकशाही कार्यक्रमाचा, म्हणजे सामाजिक धोरणाच्या जाहीरनाम्याचा, मूळ मसुदा जॉन्सन यांनी लिहिला आणि १९२२ नंतर संसदेत मजूर पक्षाचं नेतृत्व केलं. ती पहिली बैठक भरली ते मॅन्शन हाउस लायब्ररीपासून पायी काही मिनिटांवर आहे. जॉन्सन यांचेही कागद याच लायब्ररीत आहेत.

जायच्या आधी वेबसाइटवर संग्रहाची यादी उघडून हवे ते क्रमांक उतरवा आणि हस्तलिखितांची मागणी आधीच नोंदवा, आयत्या वेळी मिळत नाहीत. पेन चालत नाही, पेन्सिल न्या. फोटो काढायचे तर आधी कर्मचाऱ्यांना विचारा. सुरुवात १९१३ च्या कागदांपासून करा. ज्यांना शिफ्टमुळे दिवसा वेळ मिळत नाही, त्यांनी ब्युरो ऑफ मिलिटरी हिस्टरीच्या साक्षी, म्हणजे स्वातंत्र्यलढ्यातल्या माणसांच्या सरकारने नोंदवून घेतलेल्या आठवणी, वाचाव्यात. त्या इंटरनेटवर मोफत आहेत आणि ओब्रायन यांची साक्षही त्यांत आहे.