नळीत नसलेला सिट्रोबॅक्टर : मिश्र नमुन्यातले जीवाणू ओळखायला शिकताना

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी मी एका रुग्णालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेत दोन महिने प्रशिक्षणाला होते. तिसऱ्या आठवड्यात एका मधुमेही रुग्णाच्या पायाच्या जखमेतला पू आला. ताई म्हणाल्या, "हा तू कर." ताई म्हणजे तिथल्या वरिष्ठ तंत्रज्ञ. सगळे त्यांना ताईच म्हणायचे, डॉक्टरसुद्धा.

चार दिवसांनी मी त्यांच्यापुढे अहवालाचा मसुदा ठेवला. त्यावर एकाच जीवाणूचं नाव होतं, सिट्रोबॅक्टर फ्रुंडी. टीएसआय म्हणजे तीन साखरा आणि लोह असलेल्या माध्यमाची नळी. तिचा स्लँट (वरचा तिरका भाग) पिवळा, बट (तळाचा भाग) पिवळा आणि मधे काळं. साखर आंबली की पिवळं होतं, हायड्रोजन सल्फाइड तयार झाला की काळं. बाकीच्या रासायनिक चाचण्यांत इंडोल नाही, मिथाइल रेड लाल, सायट्रेट निळं. मॅकॉन्की माध्यमाच्या प्लेटवर लॅक्टोज आंबवणारे जीवाणू गुलाबी दिसतात. तिथली कॉलनी, म्हणजे जीवाणूंचा वाढलेला ठिपका, गुलाबी आणि चिकट होती म्हणून आधी क्लेब्सिएला वाटला होता. पण क्लेब्सिएला हालचाल करत नाही आणि माझी मोटिलिटीची नळी तर टोचलेल्या रेषेपासून लांबपर्यंत गढूळ झाली होती. तेव्हा क्लेब्सिएला खोडला. व्हीपी (व्होगेस-प्रोस्काउअर) चाचणीला फिकट लाल रंग आला होता, तो मी धरला नाही. युरिएज, म्हणजे युरिया फोडण्याची चाचणी, काही तासांतच गुलाबी झाली होती, तिच्यापुढे मी लिहिलं, 'बदलतं असू शकतं'.

ताईंनी मसुदा बाजूला ठेवला आणि टीएसआयची नळी मागितली. लूपने, म्हणजे तारेच्या बारीक कडीने, स्लँटवरची वाढ उचलून नव्या मॅकॉन्की प्लेटवर ओढली. "उद्या बघू," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या प्लेटवर दोन तऱ्हेच्या कॉलनी होत्या. एक जाड, चिकट, गुलाबी. दुसरी चपटी, बिनरंगी. बिनरंगी कॉलनी वेगळी काढून फिनाइल अलॅनिनच्या स्लँटवर लावली, पुढच्या दिवशी फेरिक क्लोराइडचे थेंब टाकले, तर स्लँट गडद हिरवा. ही प्रोटियस या जीवाणूची खूण. लॅक्टोज आंबवून नळी पिवळी केली ती क्लेब्सिएलाने. काळं केलं, हालचाल दाखवली, युरिया फोडला तो प्रोटियसने. दोघांच्या गुणांची बेरीज करून मी एक तिसराच जीवाणू तयार केला होता. त्या पुवात सिट्रोबॅक्टर नव्हताच.

हे सविस्तर सांगते आहे, कारण माझ्या हाताखाली आता जी मुलं-मुली शिकायला येतात त्यांच्याही बहुतेक चुका इथेच होतात. त्यांना आयएमव्हीआयसीचा, म्हणजे इंडोल, मिथाइल रेड, व्हीपी आणि सायट्रेट या चार चाचण्यांचा, तक्ता झोपेतही पाठ असतो. ई. कोलायला पहिल्या दोन पॉझिटिव्ह, क्लेब्सिएला न्यूमोनीला शेवटच्या दोन. पण तो तक्ता फक्त शुद्ध कल्चरसाठी लिहिलेला आहे. मिश्र कल्चर घातलं तरी नळ्या रंग बदलणारच, आणि त्या रंगांना शोभेल असं एखादं नाव तक्त्यात सापडणारच. उत्तर चुकीचं आहे हे नळी स्वतःहून सांगत नाही.

म्हणून नव्यांना माझं पहिलं सांगणं असतं की निम्मा वेळ कॉलनी वेगळी करण्यात घालवा. जीवाणूशास्त्राचा पाया घालणाऱ्या रॉबर्ट कॉखच्या काळात सगळी धडपड याचसाठी होती. बटाट्याच्या कापांवर जीवाणू वाढवून पाहिले, जिलेटिनवर वाढवले, पण जिलेटिन 37 अंशांना वितळायचं आणि काही जीवाणू ते खाऊनच टाकायचे. कॉखच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या वाल्टर हेस यांच्या पत्नी फॅनी हेस यांनी 1881 च्या सुमारास अगर सुचवला. त्या तो स्वयंपाकघरात वापरत होत्या. आपल्याकडे दुकानात 'चायना ग्रास' म्हणून मिळतो तोच हा. 1887 मध्ये पेट्रीची झाकणाची प्लेट आली. आपण रोज हातात घेतो ती प्लेट मुळात जीवाणू एकमेकांपासून वेगळे करण्यासाठीच घडत गेली.

स्ट्रीकिंग, म्हणजे प्लेटवर लूपने रेषा ओढून कॉलनी सुट्या करणं, वाचून येत नाही, हातानेच यावं लागतं. पहिला भाग ओढला की लूप लालबुंद होईपर्यंत तापवा, मग निवू द्या, मग दुसरा भाग. दुसऱ्या भागातल्या रेषा पहिल्या भागाला एकदा-दोनदाच शिवल्या पाहिजेत. नवी मुलं दहा वेळा शिवतात आणि चौथ्या भागातही गालिचा उगवतो. प्लेट ओली असेल तर कितीही सुंदर ओढा, पाण्याबरोबर कॉलनी एकमेकींत मिसळतात. प्लेटा आधी इन्क्युबेटरमध्ये उलट्या ठेवून वाळवून घ्या. सरावासाठी मी एक सोपी जोडी देते. ई. कोलाय आणि मायक्रोकॉकस ल्युटियस एकाच ब्रॉथमध्ये मिसळायचे आणि न्यूट्रिएंट अगरवर ओढायचे. मायक्रोकॉकसच्या कॉलनी पिवळ्याधमक असतात, हात कुठे चुकला ते दोन दिवसांत डोळ्यांना दिसतं.

आता माझी खरी चूक. मॅकॉन्कीवरची कॉलनी सुटी दिसत होती, म्हणून ती शुद्ध आहे असं मी धरलं. सिलेक्टिव्ह, म्हणजे ठरावीक जीवाणूंनाच वाढू देणारं, माध्यम नको असलेल्याला बहुतेक वेळा थोपवतं, मारत नाही. मॅकॉन्कीतल्या पित्तक्षारांमुळे आणि क्रिस्टल व्हायोलेटमुळे ग्रॅम पॉझिटिव्ह (ग्रॅमच्या पद्धतीने रंगवल्यावर जांभळे दिसणारे) जीवाणू वाढत नाहीत, पण कॉलनीच्या बुडाशी जिवंत राहू शकतात. पित्तक्षार प्रोटियसचं पसरणंही अडवतात, त्यामुळे तो गुलाबी कॉलनीला चिकटून गप्प बसलेला दिसतच नाही. कॉलनीच्या माथ्यावर लूप हलकेच टेकवा, बुडापर्यंत खणू नका. ती कॉलनी साध्या, काहीही न अडवणाऱ्या माध्यमावर पुन्हा ओढा. तिथे सगळ्या कॉलनी सारख्या आल्या, ग्रॅममध्ये एकच रूप दिसलं, तरच चाचण्या लावा. यात एक दिवस जातो. माझे त्या नमुन्यात चार गेले.

चाचण्यांबद्दल सगळं सांगत बसत नाही, ते पुस्तकांत आहे. जिथे हात हमखास फसतो तेवढंच सांगते. कॅटॅलेजमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड घातल्यावर बुडबुडे येतात का ते पाहतात. त्यासाठी रक्त अगरवरून कॉलनी उचलताना खालचं रक्त आलं तर बुडबुडे येतातच, कारण तांबड्या पेशींतही कॅटॅलेज असतं. ऑक्सिडेजला तर मी सगळ्यात जास्त जपते, कारण स्यूडोमोनास आणि ई. कोलायचं घराणं यांची वाट तिथेच वेगळी होते. निक्रोमच्या लूपने कागदावर घासलं तर लूपमधल्या धातूमुळे खोटा जांभळा रंग येऊ शकतो. लाकडी काडी किंवा काचकांडी वापरा आणि दहा सेकंदांत वाचा, उशिरा आलेला रंग धरू नका. मॅकॉन्कीवरची गुलाबी कॉलनी या चाचणीला घेऊ नका, तिथल्या आम्लामुळे निकाल खोटा निगेटिव्ह येतो. टीएसआय 18 ते 24 तासांत वाचा. त्यात ग्लुकोज फक्त 0.1 टक्का असतं, लॅक्टोज आणि सुक्रोज एकेक टक्का. फक्त ग्लुकोज आंबवणाऱ्याचा स्लँट फार लवकर पाहिला तर तोही पिवळाच असतो, आणि खूप उशिरा पाहिलं तर खरा पिवळा स्लँटही पुन्हा लाल होऊ शकतो. ट्यूब कोॲग्युलेज, म्हणजे नळीतल्या प्लाझ्माची गुठळी होते का ही चाचणी, चार तासांनी पाहायलाच हवी. काही स्टॅफिलोकॉकस आपणच केलेली गुठळी नंतर विरघळवतात आणि सकाळी नळी निगेटिव्ह दिसते.

वहीत आधी जे दिसलं ते लिहा, नाव शेवटी. 'व्हीपी फिकट लाल, पंधरा मिनिटांनी' असं मी लिहिलं असतं तर ते मला टोचत राहिलं असतं. मी नुसतं वजाचं चिन्ह काढलं, कारण सिट्रोबॅक्टर हे नाव आधीच मनात बसलं होतं. प्रात्यक्षिक परीक्षेतही हेच होतं. परीक्षक तुमच्या नावापेक्षा तुम्ही नावापर्यंत कसे आलात ते विचारतात, आणि न जुळलेली चाचणी प्रामाणिकपणे मांडलेली वही त्यांना लगेच ओळखू येते.

नमुन्यात सापडलेल्या प्रत्येक जीवाणूला नाव द्यायलाच हवं असंही नाही. कुठे थांबायचं ते नमुना कुठला आहे यावर ठरतं. लघवीत तीन किंवा अधिक प्रकार सारख्याच प्रमाणात वाढले तर बहुतेक वेळा नमुना घेतानाच बाहेरचे जीवाणू मिसळलेले असतात. अशा वेळी दुसरा नमुना मागवा. लघवीसाठी एक मायक्रोलीटरचा मोजका लूप असतो. त्यावरून शंभर कॉलनी आल्या तर एका मिलीलीटरला एक लाख धरायचे. थुंकीत पेशींकडे आधी पाहा. गालाच्या आतल्या पेशीच जास्त असतील तर ती छातीतली थुंकी नाही, लाळ आहे. पुवाचं मात्र वेगळं आहे. जखम धुऊन, आतल्या भागातून घेतलेल्या पुवात खरोखरच दोन-तीन जीवाणू एकत्र असू शकतात, आणि मधुमेही पायात तर बऱ्याचदा असतात. वरवर फिरवलेल्या स्वॅबवर त्वचेवरचे पाहुणे येतात. म्हणून नमुना कसा घेतला हे वॉर्डातल्या सिस्टरना फोन करून विचारायला लाजू नका.

औषधांच्या चाचणीत मिश्र कल्चरने काय होतं, तेही त्याच नमुन्यात कळलं. प्रोटियसवर कोलिस्टिन मुळातच चालत नाही, क्लेब्सिएलावर ॲम्पिसिलिन मुळातच चालत नाही. दोघांना एकत्र म्यूलर-हिंटनवर, म्हणजे औषधांच्या डिस्क ठेवायच्या माध्यमावर, पसरलं असतं तर दोन्ही डिस्क निकामी दिसल्या असत्या, आणि प्रत्यक्षात नसलेला, जास्त हट्टी जीवाणू अहवालात गेला असता. त्यावरून कुणाला तरी विनाकारण जड औषध सुरू झालं असतं. आता बऱ्याच ठिकाणी मॅल्डी-टॉफ, व्हायटेक अशी जीवाणू ओळखणारी यंत्रं आहेत. नाव काही मिनिटांत किंवा तासांत येतं. पण यंत्रालाही कॉलनी आपणच उचलून देतो.

मी आतापर्यंत थेट स्मिअरबद्दल, म्हणजे नमुना थेट काचेवर पसरून रंगवलेल्या लेपाबद्दल, बोलले नाही. नमुना आला त्या दिवशी पुवाचा ग्रॅम स्मिअर मीच केला होता. भरपूर पू-पेशी, ग्रॅम निगेटिव्ह दंडगोल, आणि ग्रॅम पॉझिटिव्ह गोल जीवाणूंचे घोस. ही नोंद माझ्याच अक्षरात वहीच्या पहिल्या पानावर होती, आणि डॉक्टरांना फोनवर कळवलीही होती. क्लेब्सिएला आणि प्रोटियस दोघे सापडल्यावर मी आनंदात होते. ताईंनी वहीचं पहिलं पान उघडून त्या घोसांवर बोट ठेवलं. "हे कुठे गेले?"

रक्त अगरची पहिली प्लेट मी प्रोटियसने लाटांवर लाटा पसरवल्या म्हणून न वाचताच बाजूला ठेवली होती. गोल जीवाणू त्या थराखाली होते. फ्रिजमध्ये उरलेल्या पुवातून मॅनिटॉल सॉल्ट अगरवर ओढलं. त्यात 7.5 टक्के मीठ असतं, तिथे प्रोटियसचं काही चालत नाही. दुसऱ्या दिवशी पिवळ्या कॉलनी, भोवतीचं माध्यमही पिवळं. साध्या माध्यमावर पुन्हा ओढून ग्रॅम केला, घोसच दिसले. कॅटॅलेज पॉझिटिव्ह, ट्यूब कोॲग्युलेजमध्ये तीन तासांत घट्ट गुठळी. स्टॅफिलोकॉकस ऑरियस.

आधीच्या दोघांची नावं डॉक्टरांना फोनवर कळवली होती. अंतिम अहवाल तीन नावांनी, तिघांच्या वेगवेगळ्या औषधयाद्यांसह गेला. तेव्हापासून थेट स्मिअरची काच मी अहवालावर सही होईपर्यंत फेकत नाही. माझ्याकडे शिकणाऱ्यांनाही सहीआधी ती काच एकदा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायला लावते, आणि काचेवर जेवढी रूपं दिसतात तेवढ्यांची नावं अहवालात आहेत का, किंवा का नाहीत, ते मला तोंडी सांगायला लावते.