दोरी किती आणू?

राखीच्या आधी ठाण्याच्या जांभळी नाक्यावर दोऱ्यांची रिळं बघितली की हात शिवशिवतात. दुकानदार विचारतो, "किती मीटर?" आणि आपण अंदाजपंचे ठोकतो. माझ्याकडे अशा ठोकलेल्या अंदाजांची एक अख्खी पिशवी आहे.

जाड पॅराकॉर्डच्या (पॅराशूटसारख्या मजबूत नायलॉन दोरीच्या) नेहमीच्या चौकोनी गाठींच्या ब्रेसलेटला मनगटाच्या दर इंचामागे साधारण 1 फूट दोरी लागते. मनगट 7 इंच असेल तर 7 फूट, वर टोकांसाठी 1 फूट. म्हणजे सुमारे अडीच मीटर. या ब्रेसलेटात मधे दोन धागे सरळ जातात आणि बाजूच्या दोन दोऱ्या त्यांच्यावर गाठी मारत जातात. मधल्या दोन सरळ धाग्यांना फारसं काही लागत नाही, दोरी खातात त्या बाजूच्या गाठी.

हात घट्ट की सैल, यावरही हिशोब बदलतो. माझी बहीण गाठ अशी आवळते की सुटता सुटत नाही, तिला दोरी नेहमी जास्त लागते. म्हणून आधी एक इंच विणून बघा. बाजूच्या दोऱ्यावर सुरुवातीलाच पेनाने खूण करा, इंच झाला की तो उलगडून खुणेपर्यंत मोजा. 5 इंच खर्ची पडले तर 7 इंचांना 35, अधिक दोन्ही टोकांना चार-चार बोटं. दुसऱ्या बाजूलाही तेवढंच.

बारीक, रंगीत ब्रेसलेट भरतकामाच्या दोऱ्याचं करायचं असेल, तर त्याची लडी साधारण 8 मीटरची असते. मीटर-मीटरचे 8 धागे निघतात. पण जो रंग गाठी मारतो तो आधी संपतो, त्याचा धागा लांब कापा.