हातातली शक्ती गेली म्हणजे मानेची शीर दबली असंच नसतं : मोटर न्यूरॉनचे दुर्मिळ आजार ओळखताना या चुका टाळा

आमचे मामा बेळगावच्या वडगावात पॉवरलूमवर साड्या विणायचे. मागावर तार तुटली की अंगठा अन् दोन बोटं अशी फिरायची की पापणी लवायच्या आत गाठ बसलेली असायची. वयाच्या ४४ व्या वर्षी ती गाठ बसेना झाली. खरं तर त्याच्या कितीतरी आधीपासून रात्री पोटऱ्यांत गोळे यायचे, चहाचा कप धरला की हात थरथरायचा म्हणून मामी अर्धाच कप भरून द्यायची, आणि जेवून उठताना जमिनीला हात टेकल्याशिवाय त्यांना उठता येत नव्हतं. आम्ही सगळे म्हणत राहिलो, दिवसभर उभ्यानं काम आहे, होणारच. त्यात चार-पाच वर्षं गेली. आमच्या हातून काय काय चुकलं ते सगळं लिहितोय, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या घरात तेवढा वेळ जायला नको.

दुखत नाही म्हणून थांबू नका

मेंदू आणि मज्जारज्जूतून स्नायूंना हुकूम देणाऱ्या ज्या पेशी असतात त्या मोटर न्यूरॉन. त्या मरायला लागल्या की स्नायूची शक्ती जाते, तो वाळतो, पण स्पर्श कळतो, गरम-गार कळतं, आणि बऱ्याचदा दुखत काहीच नाही. दुखत नसलं की आपल्याकडे दवाखान्याची पायरी कोण चढतंय! म्हणून बारीक गोष्टींकडे बघा. शर्टाचं बटण लागेना, कुलपात किल्ली फिरेना, चालता चालता एकाच पायातली चप्पल निसटते, अंगठ्याखालची गादी बसून खळगा पडलाय, बोलणं जड किंवा नाकात यायला लागलंय, पाणी पिताना ठसका लागतो. यातलं काहीही दोन-तीन महिने हळूहळू वाढत असेल तर न्यूरॉलॉजिस्टच गाठा. आणि याला लकवा समजून गावठी औषधाच्या मागे जाऊ नका, लकवा एका झटक्यात मारतो, हे महिनोन् महिने सरकत येतं.

डॉक्टरला नेमकं काय सांगताय

ही चूक आपल्या सीमाभागात जास्त होते असं माझं ठाम मत आहे. आपण शक्ती गेली तरी "हात बधीर झालाय" म्हणतो, डॉक्टर समजतात स्पर्श कळत नाही, आणि तपास शुगरच्या दिशेनं जातो. त्यात डॉक्टर कन्नड बोलणारे असले तर आणखी घोळ, आपण म्हणतो "हातात जोम नाही" आणि कन्नडमध्ये जोमु म्हणजे मुंग्या, बधिरपणा, म्हणजे अगदी उलटा अर्थ पोचतो. त्यापेक्षा काय जमत नाही ते सांगा. "भरलेली घागर उचलत नाही, चिमटीत सुई धरता येत नाही, पण हाताला चटका बसला तर कळतो." एवढ्या एका वाक्यानं डॉक्टरांचं अर्धं काम होतं.

एमआरआयमध्ये गादी सरकलेली दिसली म्हणून तपास संपला असं नाही

पन्नाशीच्या आसपास कुणाचाही मानेचा एमआरआय काढा, बहुधा झीज दिसतेच. मामांच्यातही दिसली, मग ट्रॅक्शन (मानेला वजन लावून ताण देणं) झालं, बी-१२ ची इंजेक्शनं झाली, ऑपरेशनची तारीखही निघत होती. मानेमुळे हात जातो हे खरं आहे आणि तेही तपासलंच पाहिजे, पण जीभ बारीक होणं किंवा लवणं, हनुवटी फडफडणं हे मानेच्या मणक्यामुळे होत नाही. अशा वेळी ऑपरेशनच्या आधी एनसीव्ही (नसांची तपासणी) आणि ईएमजी (सुईनं स्नायूंची तपासणी) करून घ्या, ज्याला लोक करंटची टेस्ट म्हणतात. सुई टोचतात म्हणून कुणी टाळू नका.

उलटी चूकही होते. पापणी नाहीतर दंड लवतो म्हणून नेटवर शोधून रात्र रात्र जागणारे लोक मी बघितलेत. शक्ती शाबूत असेल, स्नायू वाळत नसेल, तर नुसतं लवणं बहुतेक वेळा जागरण, चहा-कॉफी आणि टेन्शनचं असतं.

मोटर न्यूरॉन म्हटलं की एएलएसच, ही सगळ्यात मोठी चूक

एएलएस म्हणजे मोटर न्यूरॉनचा सगळ्यात जास्त दिसणारा आणि झपाट्यानं वाढणारा आजार. आम्हाला एका मोठ्या दवाखान्यात तोच सांगितला, दोन-तीन वर्षं धरून चाला म्हणाले. मामांनी एक माग विकून टाकला आणि मुलीच्या लग्नाची घाई सुरू केली. पुढे बेंगळुरूला एका डॉक्टरांनी त्यांना शांतपणे शर्ट काढायला सांगितला. छाती थोडी बायकांसारखी वाढली होती, लाजेनं मामा कधी कुणाला बोललेच नव्हते. ओठाभोवती अन् हनुवटीला फडफड होती, आणि गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय हलला नाही. एएलएसमध्ये बहुधा हे रिफ्लेक्स वाढलेले असतात. मग त्यांनी विचारलं, आईकडच्या कुणाला असं होतं का? तेव्हा आमच्या आईला आठवलं, "आमचा मामापण असाच भिंतीला धरून उठायचा की, आम्ही वात म्हणायचो."

तो केनेडीचा आजार निघाला. १९६८ साली डॉ. विल्यम केनेडींनी त्याचं वर्णन केलं, जीन १९९१ मध्ये सापडला. तो एक्स क्रोमोझोमवर असल्यानं त्रास पुरुषांना होतो आणि येतो आईकडून. वाढतो फार सावकाश, बहुतेकांचं आयुष्य इतरांइतकंच असतं. रक्तात सीपीके (स्नायू झिजले की वाढणारा घटक) वाढलेलं दिसतं म्हणून याला स्नायूचा आजार समजलं जातं, तिथंही लोक वर्षं घालवतात. आणि ताकद यावी म्हणून टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं कुणी सुचवली तर अजिबात घेऊ नका, हा आजार त्याच हार्मोनच्या जोरावर वाढतो.

जीन टेस्टमध्येही फसायला होतं. नेहमीच्या एक्झोम टेस्टमध्ये (बरेच जीन एकदम वाचणारी टेस्ट) हा दोष सुटू शकतो, कारण यात सीएजी नावाचा तुकडा पुन्हा पुन्हा आलेला असतो, ३८ किंवा त्याहून जास्त वेळा, आणि तो मोजायची टेस्ट वेगळी सांगावी लागते. पेशंटच्या सगळ्या मुली वाहक असतात, म्हणजे त्यांना स्वतःला बहुधा त्रास नसतो पण दोष पुढं जाऊ शकतो, मुलग्यांना त्याच्याकडून येत नाही. वाहक बाईच्या प्रत्येक मुलग्याला ५० टक्के धोका असतो. आपल्याकडे मामाची मुलगी करायची पद्धत अजून आहे, म्हणून घरात हे निघालं तर सोयरीक ठरवायच्या आधी जेनेटिक काउन्सिलिंग करा. यात पोरीचा काही दोष नाही, हे घरातल्या मोठ्यांनीच चार लोकांत बोलायला पाहिजे.

आणखी दोन नावं लक्षात ठेवा. १५ ते २५ वयाच्या पोराचा एकच हात मनगटापासून कोपरापर्यंत वाळतोय, थंडीत सकाळी गाडीचा क्लच दाबता येत नाही, असं असेल तर हिरायामा नावाचा आजार असू शकतो. लष्कर भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना हा व्यायामाचा मुका मार वाटतो. मान सरळ ठेवून काढलेला एमआरआय नॉर्मल येऊ शकतो, मान पुढं वाकवून काढायला सांगा. काही वर्षांत तो बहुधा आपोआप थांबतो, तोवर मानेला कॉलर लावतात. दुसरं, मल्टिफोकल मोटर न्यूरोपॅथी. दिसायला हुबेहूब मोटर न्यूरॉनच्या आजारासारखी, पण आयव्हीआयजीनं (शिरेतून देतात त्या अँटिबॉडीच्या औषधानं) सुधारते, औषध महाग आहे पण उपाय आहे. ही चुकून एएलएसमध्ये टाकली गेली तर हातातला इलाज जातो.

आणि खरंच एएलएस निघाला तर "काही उपाय नाही" म्हणून घरी बसवू नका. रिल्युझोल नावाचं औषध आहे, ते आजार बरा करत नाही, आयुष्य थोडं लांबवतं. आडवं झोपलं की दम लागणं, सकाळी डोकं जड होणं म्हणजे श्वासाचे स्नायू थकलेत, तिथं नुसता ऑक्सिजन लावून घेऊ नका, त्यानं कार्बन डायऑक्साइड साठू शकतो, बायपॅपबद्दल (मास्कमधून श्वासाला जोर देणारं मशीन) विचारा.

मामा आता ५६ चे आहेत. गाठ अजून बसत नाही, ती मामी मारते, पण उंच स्टुलावर बसून ते उरलेल्या मागावर लक्ष ठेवतात आणि तार तुटली की तिच्याआधी त्यांनाच कळतं.