शिक्षक टिकवायचेत? आधी आस्थापना शाखेत जा

विभागप्रमुख झालात की पहिल्या दिवशी ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये जाऊ नका, नेमणुका-रजांचे कागद सांभाळणाऱ्या आस्थापना शाखेत जा. एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात मी बारा वर्षं बधिरीकरण विभाग सांभाळला. सोडून गेलेले बरेचसे लोक पगारापेक्षा कागदांना कंटाळून गेले.

आपल्याकडे सहायक प्राध्यापकांना वर्षानुवर्षं १२० दिवसांच्या तात्पुरत्या नेमणुकांवर राबवलं गेलं. मुदत संपली की सेवेत कागदोपत्री तांत्रिक खंड, मग नवा आदेश. तो टेबलावर अडकला की पगार अडकतो, आणि नेमका तेव्हाच गावातल्या खासगी हॉस्पिटलचा फोन येतो. म्हणून एक साधी वही करा. प्रत्येकाच्या आदेशाची शेवटची तारीख लिहा, महिनाभर आधी प्रस्ताव पाठवा आणि त्याच्या मागे स्वतः फिरा. त्या पोराला फिरायला लावू नका, त्याची ओटी असते.

पदोन्नतीचंही तेच. सहयोगी प्राध्यापक व्हायला चार वर्षांचा अनुभव, दोन शोधनिबंध, वैद्यकीय शिक्षणाचा मूलभूत कोर्स आणि संशोधनपद्धतीचा कोर्स लागतो. माणूस रुजू झाला की त्याच आठवड्यात दोन्ही कोर्सना नाव घालायला लावा. चौथ्या वर्षी धावपळ करून काही होत नाही. निबंधावर पहिलं नाव त्याचं टाका. मी कित्येक वर्षं माझंच टाकत होते. रीतच तशी होती, हे काही कारण नव्हे.

आता ड्यूटी लिस्ट. बिंदुनामावलीनं, म्हणजे आरक्षणानुसार पदं वाटणाऱ्या यादीनं, माणूस खुर्चीपर्यंत येतो. पुढे त्याच्या वाट्याला काय येतं, ते तुमच्या हातात असतं. सहा महिन्यांच्या लिस्ट काढा आणि नावापुढे आकडे मांडा: रात्री किती, सणाचे दिवस किती, पदव्युत्तर विद्यार्थ्यांची लेक्चर्स किती, कॉन्फरन्स किती. मी हे फार उशिरा केलं. नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यातला, धडगावकडचा एक मुलगा होता, घरातला पहिला डॉक्टर. सलग तीन दिवाळ्या त्याच्याच नावावर होत्या, कारण ‘त्याचं इथं कोण आहे?’ लेक्चर्स मात्र जवळजवळ नव्हतीच. मुद्दाम कुणीच केलं नव्हतं. लिस्ट बनवणाऱ्याला हाताशी जे नाव सापडे, ते तो टाकी.

बायकांच्या रजेवर कुरकुर होते. राज्य सरकारची प्रसूती रजा १८० दिवसांची, बालसंगोपन रजाही संपूर्ण सेवेत १८० दिवसांची. तो हक्क आहे, उपकार नाही, हे विभागाच्या बैठकीत तुम्हीच बोला. तिला बोलायला लावू नका. रजेची तारीख पाच-सहा महिने आधी कळते, तेवढ्यात बदली माणूस मागता येतो. परत आल्यावरची सोय कुणाला सुचत नाही. आमची एक सहकारी ओटीच्या कपड्यांच्या खोलीत, दाराला पाठ लावून दूध काढायची. मग भूल द्यायच्या मोडक्या बॉईल्स मशीन पडलेल्या खोलीतली अडगळ उपसली, आतून कडी बसवली आणि एक जुना फ्रिज आणून ठेवला. खर्च कडीचाच.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याखालच्या अंतर्गत समितीची नावं आणि फोन नंबर अधिष्ठात्यांच्या कार्यालयाबाहेर लावलेले असतात. तेच ओटीच्या विश्रांतीगृहातही लावा. जातीवरून कुणी टोमणा मारला तर तिथल्या तिथे अडवा. २०१९ मध्ये मुंबईत एका आदिवासी निवासी डॉक्टर मुलीनं जीव दिला आणि वरिष्ठांवर जातीय छळाचे आरोप झाले, तेव्हा आम्ही सगळे हळहळलो. आपली चहाची खोली मात्र कुणी तपासली नाही.

बदल्या आणि नवी महाविद्यालयं तुमच्या हातात नाहीत. २०२४ मध्ये राज्यात एकदम १० नवी महाविद्यालयं सुरू झाली, त्यांनाही शिक्षक याच ताटातून वाढायचे. तेव्हा ‘तुझी बदली होऊ देणार नाही’ असं कुणाला सांगू नका.

कुणी राजीनामा दिला की ‘का चाललास?’ असं विचारू नका, ‘पगार’ हे एकच उत्तर मिळतं. ‘जायचं कुठल्या दिवशी ठरवलंस?’ असं विचारा. धडगावच्या मुलाला मी तसं विचारलं. म्हणाला, ‘मॅडम, चहाच्या खोलीत मला कोट्यातला म्हणून हसले ना, त्या दिवशी. तुम्ही तिथंच होतात, साखर ढवळत होतात.’

हा प्रश्न राजीनाम्यापर्यंत राखून ठेवू नका. दर डिसेंबरात एकेकाला बसवून विचारा, जायचं मनात कधी आलं होतं का, आणि आलं असेल तर कुठल्या दिवशी.