एलएम३५ आणि आर्डुइनोचा घरचा डिजिटल थर्मामीटर: जोडायचा कसा आणि आकडा खरा कसा आणायचा

आमचं घर फोंड्याकडे, जुनं कौलारू. माळ्यावर आई दरवर्षी सोलं आणि सुक्या मिरच्या ठेवते, आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी तिथे पाच मिनिटं उभं राहवत नाही. नेमकं किती तापतं ते बघायचं म्हणून हा थर्मामीटर बनवला. जोडायला अर्धा तास पुरला, पण आकड्यावर भरवसा बसायला चार दिवस गेले, म्हणून जोडणी पटकन सांगतो आणि त्या चार दिवसांचं नीट सांगतो.

सामान फार नाही. आर्डुइनो उनो (प्रोग्रॅम घालता येणारा छोटा बोर्ड), एलएम३५ डीझेड हा तापमान मोजणारा सेन्सर, १६ बाय २ चा एलसीडी (१६ अक्षरांच्या दोन ओळींचा स्क्रीन), ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता वायरी खोचायची पाटी), जंपर वायर आणि ०.१ मायक्रोफॅरॅडचा एक सिरॅमिक कपॅसिटर. एलसीडी घेताना पाठीमागे आयटूसीचं मॉड्यूल (कमी वायरीत स्क्रीन जोडणारी छोटी पट्टी) लावलेलाच घ्या, चार वायरीत काम होतं. पणजी-मडगावला नाही मिळालं तर ऑनलाइन मागवा.

एलएम३५ चं काम एकदम सरळ, दर डिग्री सेल्सिअसला १० मिलिव्होल्ट. म्हणजे २८ डिग्रीला २८० मिलिव्होल्ट, ३५ ला ३५०. पण साध्या ५ व्होल्टच्या जोडणीत तो साधारण २ डिग्रीच्या खाली जात नाही, त्यामुळे मासळीच्या फ्रीझरसाठी हा घेऊ नका, त्याला टीएमपी३६ हा सेन्सर बरा.

आता जोडणी. सेन्सरची सपाट, अक्षरं असलेली बाजू तुमच्याकडे आणि पाय खाली असे धरा. डावा पाय ५ व्होल्टला, मधला बोर्डच्या ए० पिनला, उजवा ग्राउंडला. डावा-उजवा उलटा झाला तर सेन्सर लगेच तापतो, म्हणून पॉवर दिल्या दिल्या त्याला हलकेच बोट लावून बघा, चटका लागला तर आधी यूएसबी काढा. कपॅसिटर डाव्या आणि उजव्या पायाच्या मध्ये, सेन्सरच्या जितका जवळ लागेल तितका. एलसीडीची एसडीए पिन बोर्डच्या ए४ ला आणि एससीएल पिन ए५ ला. स्क्रीन उजळली पण अक्षरं नाहीत असं झालं तर आधी मागचा छोटा स्क्रू फिरवून बघा, मग प्रोग्रॅममधला एलसीडीचा पत्ता बदला, बहुतेक मॉड्यूलचा पत्ता ०एक्स२७ नाहीतर ०एक्स३एफ असतो.

आता मुख्य गोष्ट. उनोचा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) १० बिटचा आहे, म्हणजे व्होल्टेजचे १०२४ भाग करतो. नेहमीसारखा ५ व्होल्टचा रेफरन्स (मोजायची पट्टी) ठेवला तर एक भाग जवळपास ४.९ मिलिव्होल्टचा, म्हणजे आकडा अर्ध्या अर्ध्या डिग्रीने उड्या मारतो. आणि त्याहून वाईट म्हणजे यूएसबीवर ते ५ व्होल्ट खरोखर ५ असतीलच असं नाही. समजा चार्जरमधून ४.७ च आले, तर खोलीत ३० डिग्री असताना स्क्रीनवर ३१.७ दिसणार. मी लॅपटॉपवरून काढून मोबाइलच्या चार्जरवर लावला आणि त्याच खोलीत, त्याच मिनिटाला आकडा बदलला, तेव्हा हे लक्षात आलं.

उपाय उनोच्या चिपमध्येच आहे. प्रोग्रॅमच्या सेटअपमध्ये अ‍ॅनालॉग रेफरन्स इंटर्नल करा, मग मोजमाप १.१ व्होल्टच्या पट्टीवर होतं, एक भाग जेमतेम ०.१ डिग्रीचा, आणि चार्जर कुठलाही असो फरक पडत नाही. रेफरन्स बदलल्यावरची पहिली काही रीडिंग टाकून द्या. मग २० रीडिंग घेऊन सरासरी काढा, आणि सरासरी गुणिले ११०.० भागिले १०२४ केलं की तापमान.

त्या ११० पुढचं पॉइंट शून्य विसरू नका, हे कळकळीने सांगतोय. मी रीडिंग पूर्णांकातच ठेवलेलं आणि नुसतं ११० लिहिलेलं. सकाळी २८.००, २९.०० असं दाखवायचं, छान वाटायचं, आणि दुपारी एकदम उणे ३१. दोन दिवस मी वायरी बदलत बसलो, सेन्सरसुद्धा बदलला. उनोवर पूर्णांक ३२७६७ पर्यंतच जातो, आणि रीडिंग २९८ झालं की २९८ गुणिले ११० म्हणजे ३२७८०, तिथेच आकडा उलटतो. आणि २९८ म्हणजे बरोबर ३२ डिग्री! थंड जागी राहणाऱ्याला ही चूक वर्षभर दिसणार नाही, आपल्याकडे दुपारी जेवायच्या वेळेलाच दिसते. दशांशाच्या जागी सारखे शून्यच येत असतील तर तीच खूण समजा.

शेवटी जुळवणी. तो १.१ व्होल्ट प्रत्येक चिपमध्ये अगदी १.१ नसतो, १.० ते १.२ मध्ये कुठेही असू शकतो. सेन्सरच्या पायांना सोल्डर करून हीट श्रिंक ट्यूब (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा, पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळा आणि तापाचा थर्मामीटर सोबत धरून दोन्ही कोमट पाण्यात ठेवा, पाणी ढवळत राहा. थर्मामीटर १००.४ फॅरनहाइट म्हणतो म्हणजे ३८ सेल्सिअस. तुमचा ३७ दाखवत असेल तर ११०.० ला ३८ ने गुणा, ३७ ने भागा, ११३.० येईल, तोच आकडा प्रोग्रॅममध्ये घाला. एकदा केलं की त्या बोर्डपुरतं झालं.

लावताना सेन्सर बोर्डला चिकटवून ठेवू नका. याला उष्णता मुख्यतः पायांतून लागते, त्यामुळे बोर्डची गरमी वायरीतून सरळ आत येते. वीतभर तरी लांब ठेवा. माळ्यापर्यंत लांब केबल न्यायची असेल तर सेन्सरपाशी मधल्या पायापासून ग्राउंडपर्यंत ७५ ओहम आणि १ मायक्रोफॅरॅड एकामागे एक जोडून द्या, नाहीतर आकडा थरथरत राहतो. आणि जून लागायच्या आधी सगळे उघडे सांधे हीट श्रिंकने बंद करा, आपल्या दमट हवेत तांबं हिरवं व्हायला एक पावसाळा पुरतो.