पावसाळा धरून आखलेलं सागवानी जेवणाचं टेबल

ठाण्यात काय आणि नवी मुंबईत काय, ऑगस्टमध्ये फुगलेलं लाकूड फेब्रुवारीत आकसतं. भरीव सागवानाचं टेबल बहुतेक वेळा यातच बिघडतं. टॉप खालच्या सांगाड्याला चारी बाजूंनी स्क्रूने आवळलेला असतो, हलायला जागाच नसते, मग तो चिरतो किंवा वाकतो. चार फूट बाय अडीच फुटांच्या टॉपचा हिशेब करा. लाकडातला ओलावा एक टक्का बदलला की सागवानी फळीची रुंदी जास्तीत जास्त ०.२ टक्क्याच्या आसपास बदलते. ओलाव्यात तीन टक्के फरक पडला तर अडीच फुटांत चार-साडेचार मिलिमीटर. लांबीत जवळजवळ काहीच नाही. पुढची सगळी जोडणी या चार मिलिमीटरसाठी आहे.

मापं ठरलेली आहेत. उंची ३० इंच, टॉप १ इंच जाड, त्याखालच्या आडव्या पट्ट्या ४ इंच रुंद. म्हणजे गुडघ्यांना २५ इंच मोकळे राहतात. माणशी २४ इंच रुंदी धरा. पाय अडीच इंच चौरस, सांगाडा बाहेरून ४२ बाय २६ इंच. टॉप वेगळा निघतो, त्यामुळे जुन्या इमारतीच्या अरुंद जिन्यातूनही टेबल वर जातं.

वखारीत लाकूड कच्च्या, म्हणजे रंधा मारण्याआधीच्या मापाने सांगा: टॉपला आणि पट्ट्यांना सव्वा इंची फळ्या, पायांना ३ बाय ३. टॉपला साधारण १ घनफूट, पायांना ०.६, पट्ट्यांना ०.४. तीस टक्के तूट धरून पावणेतीन घनफूट घ्या. पांढरट कडेची फळी स्वस्त मिळाली तरी नको. कीड आधी तिथेच लागते. पाडकामातलं जुनं सागवान मुरलेलं असतं आणि आम्हाला ते नव्यापेक्षा जास्त आवडतं, पण रंध्यावर घालण्याआधी चुंबक फिरवून खिळे शोधा. मॉइश्चर मीटरवर १२ ते १४ टक्के दिसायला हवेत. मग फळ्यांमध्ये बारीक लाकडी काठ्या घालून त्या दोन-तीन आठवडे घरातच रचून ठेवा.

टॉपला पाच इंची सहा फळ्या लागतात. दोन फळ्यांच्या कडा एकमेकींवर उभ्या धरून मागून उजेड पाहा. फटीतून उजेड आला तर पुन्हा रंधा मारा. क्लॅम्पने फट दाबून चिकटवली तर ती पुढे उघडते. सागवान तेलकट असतं, म्हणून कडा थिनरने पुसा, सुकू द्या आणि लगेच पाण्याला टिकणारा गोंद लावा. क्लॅम्प दर आठ-दहा इंचांवर, एक वरून एक खालून. सगळे एकाच बाजूने लावले तर टॉप धनुष्यासारखा वाकतो. चोवीस तास हात लावू नका.

पाय आणि पट्ट्या खाच-कुसवाने जोडा: पट्टीच्या टोकाला काढलेली जीभ म्हणजे कुसू, ते पायातल्या खाचेत बसतं. कुसू ३ सूत जाड (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), सव्वा इंच लांब. कुसवाचा वरचा अर्धा इंच कापून टाका, नाहीतर खाच पायाच्या माथ्यावर फुटते. एकाच पायात दोन बाजूंनी कुसवं येऊन भिडतात, म्हणून त्यांची टोकं ४५ अंशांत कापा. गोंद लावण्याआधी कोरडी जोडणी करून दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे नसतील तर चौकट तिरकी आहे.

आता टॉप बसवायचा, तो लाकडी बटणांनी. बटण म्हणजे पुढे जीभ काढलेला छोटा ठोकळा: तो टॉपला खालून स्क्रूने धरतो आणि जीभ पट्टीच्या आतल्या बाजूच्या खाचेत सरकते. खाच वरच्या कडेपासून ४ सूत खाली, ३ सूत रुंद, ४ सूत खोल. ती पट्टीच्या टोकापर्यंत नेऊ नका, कुसू कापलं जाईल. बटणाच्या वरच्या पृष्ठापासून जिभेपर्यंतचं अंतर ४ सुतांपेक्षा अर्धा मिलिमीटर कमी ठेवा, म्हणजे स्क्रू आवळला की टॉप खाली ओढला जातो. लाकडाच्या रेषा जिभेच्या लांबीच्या दिशेने हव्यात. आडव्या असल्या तर जीभ पहिल्याच दाबाला तुटते. लांब बाजूंना तीन-तीन बटणं, आखूड बाजूंना दोन-दोन. आखूड पट्टीच्या बरोबर मध्यावर मात्र एक पक्का स्क्रू घाला, म्हणजे टॉप दोन्हीकडे सारखाच हलेल.

लांब बाजूंची बटणं कोणत्या महिन्यात बसवताय त्यावर त्यांची फट ठरते. जानेवारी-फेब्रुवारीत बटण आणि पट्टी यांच्यात एक सूत अंतर ठेवा, कारण टॉप पुढे फुगणार आहे. भर पावसाळ्यात तेच बटण खाचेत जवळजवळ पूर्ण सारा.

पॉलिश टॉपच्या वर जेवढे हात, तेवढेच खाली. एकाच बाजूला दिलं तर एक बाजू ओलावा पटकन शोषते, दुसरी नाही, आणि टॉप वाकतो. दमट दिवशी लाखेचं पॉलिश पांढुरकं पडतं. कोरडी दुपार मिळेपर्यंत थांबा. जवसाचं तेल वापरलंत तर तेल लावायचे कपडे बोळा करून टाकू नका, ते आपोआप पेटू शकतात. पाण्यात बुडवून ठेवा किंवा बाहेर एकेक पसरून वाळवा.